गयाबाईच्या लिंबाची चौकट

आरा मशीनवर आयुष्य काढलेला माणूस भेटला की लोक आधी त्याचे हात बघतात आणि मग तोंड. बघणाऱ्याला वाटतं, आपण बोटं मोजतोय हे याला कळत नाही. कळतं. म्हणून मी आपणहून दोन्ही हात पुढे करतो. दहाच्या दहा आहेत. उजव्या अंगठ्याचं नख तेवढं वाकडं आहे, पण त्यात मशीनचा दोष नाही. घरातला पाटा उचलताना तो हातावर पडला होता. चूक माझीच होती असं बायको अजून सांगते.

मी सोनपेठला अन्वरसेठच्या आरा मशीनवर अडतीस वर्षं मिस्त्री होतो. नाव मन्मथ, पण हाक मारताना सगळे आप्पाच म्हणतात. दिवाळी अंकासाठी लिहा असं सांगणं आलं तेव्हा मला हसू आलं. लाकूड आत गेलं, फळ्या बाहेर आल्या, यात लिहायचं काय? बायको म्हणाली, घरी आल्यावर मला रोज तासभर सांगत होतात तेव्हा नाही पडला हा प्रश्न. तेव्हा हे लिखाण झालं आहे ते तिच्या टोमण्यामुळे.

ज्यांनी आरा पाहिला नसेल त्यांच्यासाठी सांगतो. माणसाएवढी दोन लोखंडी चाकं असतात, एक वर आणि एक खाली खड्ड्यात. दोन्हींवरून वीतभर रुंदीचं दातेरी पातं फिरत असतं. समोर रुळावर ट्रॉली असते, तिच्यावर ओंडका बांधायचा आणि ट्रॉली पात्यावर न्यायची. एवढंच काम. ट्रॉली माझा जोडीदार खंडू ढकलायचा. त्याचं नि माझं वय सारखं, पण तो मला थोरला म्हणायचा, कारण चूक झाली की थोरल्याच्या माथी मारता येते.

पात्याला लाकूड आणि हात यांतला फरक कळत नाही. हे एक वाक्य नव्या माणसाच्या डोक्यात शिरलं की निम्मं शिकवून झालं. उरलेलं निम्मं मात्र लोकांना उलटं वाटतं. हातमोजे का घालत नाही, असं शिकलेली माणसंसुद्धा विचारतात. मोजा पात्यात सापडला तर तो एकटा जात नाही, हाताला घेऊन जातो. म्हणून आऱ्यावर हात उघडेच बरे. बारीक तुकडा सारायचा तर काठीनं. पात्यासमोर उभं राहायचं नाही, कारण पातं तुटलं तर ते समोरच झेपावतं. मी जमिनीवर चुन्याची रेघ ओढून ठेवायचो आणि गिऱ्हाइकानं तिच्या पलीकडे थांबायचं. आमदार आला तरी रेघ तीच.

खरी भानगड विजेची. आमच्याकडे लाईट केव्हा जाईल आणि केव्हा येईल हे पंचांगातही सापडत नाही. लाईट गेली की माणसाला वाटतं मशीन निजलं. मग तो अडकलेली ढलपी काढायला हात घालतो आणि नेमकी तेव्हाच लाईट येते. काही ठिकाणी तर स्टार्टरच्या बटणात काडी खुपसून ठेवतात, म्हणजे मशीन आपोआप सुरू व्हावं, उठायचे कष्ट नकोत. असल्या आळसानं घालवलेली बोटं मी पाहिली आहेत. म्हणून मेन स्विचला मी कुलूप केलं होतं. हात आत घालायचा तर आधी स्विच पाडा, कुलूप लावा, किल्ली माझ्या खिशात. एकदा मी अशीच किल्ली खिशात घेऊन जिंतूरला सासुरवाडीला गेलो. दुसऱ्या दिवशी जेवणाच्या पंगतीत खंडू हजर. अन्वरसेठनं त्याला एसटीनं पाठवला होता. मी ओशाळून विचारलं, कुलूप तोडायचं नाही का? खंडू म्हणाला, सेठ म्हणाले की आप्पानं लावलंय म्हणजे कशापायी तरी लावलं असेल, तोडायचं न्हाई. सेठची ती गोष्ट मी विसरलो नाही. मशीन दीड दिवस बंद राहिलं, आणि खंडूनं मात्र पुरणपोळी खाऊनच परतीची गाडी धरली.

दुसरी कटकट लोंबत्या कपड्यांची. उपरणं, गमछा, धोतराचा सोगा, सगळं पात्याला आवडतं. दाराशीच खुंटी ठोकली होती आणि उपरणं तिथं टांगल्याशिवाय आत प्रवेश नव्हता. एका म्हाताऱ्या पाटलांना ते अपमानाचं वाटलं. त्यांनी माझ्या गळ्यातल्या दोऱ्याकडे बोट केलं आणि विचारलं, तुमचं चालतं वाटतं? आम्ही लिंगायत, इष्टलिंग गळ्यातून उतरत नाही. मी सदऱ्याची बटणं उघडून दाखवलं. बायकोनं आतून छातीवर जाड खिसा शिवून दिला होता, त्याला दोन बटणं, त्यात लिंग आणि दोरा घट्ट बसलेले. पाटलांनी ते नीट न्याहाळलं, उपरणं खुंटीला टांगलं आणि जाताना शिंप्याचं नाव विचारलं. मी बायकोचं सांगितलं.

एवढा सगळा बंदोबस्त केला तरी एका गोष्टीपुढे आम्ही हतबल असायचो. ती म्हणजे झाडानं गिळलेलं लोखंड. अंगणातल्या झाडाला लोक कडी ठोकतात, दावं बांधतात, कपडे वाळत घालायला तार गुंडाळतात. झाड वाढतं आणि सगळं पोटात घेतं. वरून साल गुळगुळीत, आत खिळा. पात्याचा दात त्यावर बसला की पातं फाटतं. म्हणून प्रत्येक गिऱ्हाइकाला माझा पहिला प्रश्न असायचा की झाड कुठलं? शेतातलं असेल तर लगेच ट्रॉलीवर. अंगणातलं असेल तर आधी तासभर तपासणी.

मी निवृत्त व्हायच्या आदल्या वर्षी गयाबाई आली. गोदावरीकडच्या एका गावची, साठी ओलांडलेली, कपाळ मोकळं, पदर खोचलेला. ट्रॅक्टरमध्ये लिंबाचा, म्हणजे कडुलिंबाचा, सात फुटी ओंडका. झाड वादळात पडलं होतं आणि वर्षभर वाळलं होतं. तिला घरकुल मंजूर झालेलं, भिंती छातीपर्यंत आलेल्या, आणि शुक्रवारी चौकट उभी करून पूजा करायची होती. ती आली तो दिवस मंगळवार.

मी विचारलं, झाड कुठलं? ती म्हणाली, बांधावरचं. डोळ्याला डोळा भिडवून म्हणाली. मी साल बघितली, ती स्वच्छ होती. ओंडका चढवला.

पहिली फळी निम्मी निघाली असेल. आधी किंचाळल्यासारखा आवाज आला, ठिणग्या दिसल्या आणि मोठा फटका बसला. पातं तुटून समोरच्या पत्र्यावर आपटलं आणि पत्रा फाडून लोंबत राहिलं. मी बटण पाडलं. खंडू बाजूला होता, मी बाजूला होतो, गयाबाई चुन्याच्या रेघेपलीकडे होती. तिघंही जागच्या जागी शाबूत. हे आधी डोळ्यांनी मोजून घेतलं. नंतर मी जे बोललो ते इथं छापता येणार नाही.

ओंडका फिरवून पाहिला तर कापातून चार इंची खिळ्याचं चकचकीत अंग दिसत होतं आणि भोवती लाकूड काळं पडलेलं. असला खिळा बांधावरच्या झाडात कुणी ठोकत नाही. गयाबाई खाली बसली आणि खरं सांगायला लागली. झाड तिच्या घरामागचं. गावातल्या कुणाला झपाटलं की भगत त्याला तिथं आणायचा, मंत्र म्हणायचा आणि भूत झाडाला खिळून टाकायचा. खिळ्यागणिक एक भूत. याआधी दोन आरा मशीनवर तिनं हे खरं सांगितलं होतं. दोन्हीकडून ओंडका ट्रॅक्टरमधून उतरूही दिला नव्हता.

"खरं सांगितलं असतं तर कापला असता का तुमी?" तिनं विचारलं.

नसता कापला. इतकी वर्षं मी लोकांना विचारत होतो, झाड कुठलं. खरं सांगणाऱ्याला परत पाठवलं की पुढच्या वेळी तो खोटं सांगणार, हे माझ्या ध्यानातच आलं नव्हतं. त्या दिवशीचं खोटं तिचं होतं, पण ते तिला शिकवलं आमच्याच धंद्यानं.

तोवर अन्वरसेठ आले. फाटका पत्रा बघितला, आम्हाला बघितलं आणि खुर्चीवर बसले. भुताचं सगळं ऐकून म्हणाले, "भूतां-वूतां मैं नै मानता आप्पा. खिळ्याकू मानता. हे लाकूड परत जाऊ दे." त्यांचं बरोबर होतं. मी गयाबाईला समजावलं, बाजारात लोखंडी चौकट तयार मिळते, स्वस्त आणि टिकाऊ. ती उठून ओंडक्याजवळ गेली.

"ह्या झाडापाई तीस वर्सं माझ्याकडं कुणी मीठ मागायला आलं न्हाई," ती म्हणाली. "बाया रस्त्यानं जायच्या त्या पलीकडच्या अंगानं. मी एकलीच याच्या सावलीत बसले, मला तर भूत कदी दिसलं न्हाई. आता याच झाडाखालून माणसं घरात आली पाहिजेत. लोखंडाची चौकट मला करायची काय?"

सेठनं डोक्यावरची टोपी काढून पुन्हा घातली. ते विचारात पडले की असंच करत. मग मला म्हणाले, खिळे सगळे निघाले अशी तुझी खात्री झाली तर काप. नाही झाली तर नाही. निर्णय माझ्यावर आला.

खात्री करायची कशी? खंडूनं जुन्या भोंग्यातलं लोहचुंबक आणून ओंडक्यावरून फिरवलं. ते दोन ठिकाणी जरासं चिकटलं, बाकी गप्प. खोल गेलेल्या खिळ्यापर्यंत चुंबकाची ओढ पोचत नाही. खिळे कुठं आहेत हे जगात एकाच माणसाला ठाऊक असणार होतं, ते ज्यानं ठोकले त्याला. मी गयाबाईला विचारलं, भगत आहे का अजून?

सटवाजीबुवा होते. ऐंशीच्या घरातले, ताठ, कपाळभर भस्म. बुधवारी सकाळी गयाबाई त्यांना घेऊन आली. वाटेत तिनं त्यांना काय सुनावलं देव जाणे, पण बुवा तिच्यापासून दोन हात अंतर राखून चालत होते. ओंडका बघून त्यांचा चेहरा उतरला. त्यांनी मला बाजूला घेतलं.

"आप्पा, हे खिळे काढले अन् काईच झालं न्हाई, तर मग मी जलमभर केलं काय?"

मी विचारलं, खिळा ठोकल्यावर त्या माणसाला झोप लागायची का?

"लागायची."

"मग झालं की काम. आता खिळ्याचं काम संपलं."

बुवांनी मान डोलावली. पण आडव्या ओंडक्यासमोर त्यांना काही सुचेना. इकडून बघितलं, तिकडून बघितलं, म्हणाले की झाड निजलंय, मला उभं पाहिजे. खंडूला हसू आलं. मला मात्र त्यांचं म्हणणं पटलं. झाडाचा शेंडा वाढतो, बुंध्यातला खिळा वर सरकत नाही. तीस वर्षांपूर्वी छातीला ठोकलेला आजही छातीलाच असणार. आम्ही साखळीची कप्पी लावून ओंडका आवारात उभा केला. झाड मुळापासून वीतभर वर कापलं होतं, म्हणून खाली दोन विटा दिल्या. एका बाजूला मोठी गाठ होती. गयाबाई म्हणाली, ही माझ्या परसदाराकडं असायची. तेवढ्यावर दिशा ठरली.

मग जे झालं तसं मी दुसऱ्यांदा पाहिलं नाही. बुवांनी डोळे मिटले, डावा हात लाकडावर ठेवला, उजवा हात हातोडा धरल्यासारखा उचलला, आणि जिथं तो आपोआप खाली आला तिथं मी खडूनं गोल केला. प्रत्येक गोलाला ते एक माणूस सांगत. ही नवी नवरी, माहेरच्या आठवणीनं जेवेना. हा गडी विहिरीत पडता पडता वाचला, मग बोलेना. हे दोन जुळ्या बहिणींचे, एकीला झालं म्हणून दुसरीला. नावं इथं देत नाही, माणसं हयात आहेत आणि काहींना आता नातवंडं आहेत. एकूण अकरा, बुवा म्हणाले. एक आमच्या पात्यानं आधीच शोधला होता, तो पहिला उपटला, म्हणजे राहिले दहा.

पटाशीनं खोदत गेलो की दोन-तीन बोटं खोलवर लाकूड काळं व्हायचं, आणि पुढे खिळा. दहापैकी दहा. एकाही ठिकाणी बुवा चार बोटांपेक्षा जास्त चुकले नाहीत. खंडू प्रत्येक खिळा पकडीनं ओढून काढायचा आणि डब्यात टाकण्याआधी "चला, सुटले" म्हणायचा. पहिल्या दोन वेळा बुवांनी त्याच्याकडे रागानं बघितलं, तिसऱ्या वेळी त्यांनाही हसू आलं. दुपारपर्यंत आवारात जत्रा भरली होती. भूत सुटतं म्हणजे काय ते बघायला अर्धा बाजार आला. चुन्याच्या रेघेपलीकडे उभं राहा म्हणताच सगळे एका दमात मागे सरले. एवढी आज्ञाधारक गर्दी मी नोकरीत कधी पाहिली नव्हती.

नवं पातं चढवलं. ओंडका ट्रॉलीवर बांधला. बुवांना बाजूला स्टुलावर बसवलं, गयाबाई त्यांच्याशेजारी उभी. खंडूनं ट्रॉलीचा दांडा धरला. मी कुलूप काढलं, स्विच वर केला आणि बटणावर बोट ठेवलं. सगळे खिळे निघाले, माझी खात्री झाली होती.

"आप्पा, खटका दाबू नका," बुवा म्हणाले. "अजून एक हाय."

मी स्विच पाडला, कुलूप लावलं, किल्ली खिशात टाकली. मग त्यांच्याकडे वळलो. चांगलाच तापलो होतो. अकरा म्हणाला होतात ना, असं विचारलं.

"लोकांचे अकरा. हा माझा."

ते उठून ओंडक्याजवळ आले आणि त्यांनी जवळजवळ गुडघ्याच्या उंचीवरची जागा दाखवली. बसून ठोकलेला खिळा. आवाज इतका लहान झाला होता की आम्हा तिघांनाच ऐकू गेला. बायको वारली त्या साली घरात तिच्या बांगड्या वाजायच्या. भाकरी थापताना वाजायच्या तशा. भगतालाच झपाटलं हे लोकांना सांगता येईना. मग एका दुपारी ते गुपचूप गयाबाईच्या घरामागे आले आणि आपला आपणच खिळा ठोकला.

गयाबाईनं विचारलं, "थांबल्या का मग बांगड्या?"

"थांबल्या. पर मग घर लय सुनं वाटाया लागलं बाई. चार वर्सांनी काढावा म्हणून आलतो. तवर झाडानं गिळला होता."

माझा राग कुठं गेला ते कळलं नाही. ते गप्प बसले असते तर त्यांची लाज राहिली असती, आणि माझं काय झालं असतं ते पात्यालाच ठाऊक. एवढ्या लोकांदेखत मशीन थांबवून त्या म्हाताऱ्यानं स्वतःची लाज बाजूला ठेवून माझा हात वाचवला. मी त्यांच्या पाया पडलो. धंद्यात कुणाच्या पाया पडायची वेळ माझ्यावर एकदाच आली, ती ही.

बारावा खिळा सगळ्यांत खोल होता. तो मी स्वतः काढला, घाई न करता. डब्यातले अकरा भंगारात गेले. हा बुवांनी खुंटीवरच्या आपल्या गमछ्याच्या टोकाला बांधून घेतला. मग मशीन सुरू केलं. पातं लिंबातून असं सरळ गेलं की खंडूनं ट्रॉली ढकलता ढकलता मला डोळा मारला. कडवट वासाचा पिवळा भुसा उडाला आणि संध्याकाळच्या आत चौकटीचे चारही तुकडे तयार झाले. अन्वरसेठनं तुटल्या पात्याचा विषय काढला नाही. मी काढला तर म्हणाले, भूत घेऊन गेलं म्हणून समज.

शुक्रवारी मी, बायको आणि खंडू गयाबाईच्या गावी गेलो. चौकट उभी होती. खिळ्यांच्या भोकांत त्याच लिंबाच्या खुंट्या बसवलेल्या, हळदी-कुंकू लावलेलं, आंब्याच्या डहाळ्या बांधलेल्या. नारळ फुटला. गयाबाई आत जाऊन दाराशी उभी राहिली आणि म्हणाली, "या की." बाया रस्त्याच्या पलीकडे घोळका करून थांबल्या होत्या. एकही हलेना. गयाबाईनं पुन्हा म्हटलं, या की, चहा ठेवलाय. तिचा आवाज मघापेक्षा बारीक झाला होता. माझी बायको पाऊल उचलणार होती, मी तिचा हात धरला. आम्ही परगावचे, आम्ही जाऊन उपयोग नव्हता.

सटवाजीबुवा घोळक्यातून पुढे आले. बायांकडे वळून मोठ्यानं म्हणाले, "बारा खिळे मी ठोकले, बाराही माझ्यासमोर निघाले. बारावा माझ्या घरचा होता. आता ह्यात नुसतं लाकूड हाय." त्यांनी चपला काढल्या, चौकटीला हात लावला आणि आत गेले.

मागून एक म्हातारी निघाली, तिच्यामागे तिची सून, मग कडेवर पोर घेतलेली एक. मग कोण कुणाच्या मागे ते कळेना. अर्धवट भिंतींचं ते घर बायांनी भरलं. कुणी चहाचे कप धुवायला घेतले, कुणी गयाबाईच्या हातातून साखरेचा डबा ओढला, कुणी मिठाचं मडकं कुठाय म्हणून विचारलं आणि सगळ्या हसल्या. बुवा आतल्या कोपऱ्यात भिंतीला टेकून बसले होते, गमछ्याचं टोक मुठीत. मी त्यांच्याशेजारी जाऊन बसलो आणि हळूच विचारलं, काय बुवा, वाजायल्यात का बांगड्या?

बुवांनी कान दिला. घरभर हात हलत होते आणि सगळ्या हातांत काचेच्या बांगड्या होत्या. डोळे पुसत, हसत बुवा म्हणाले,

"वाजायल्यात की. पर आप्पा, एवढ्यांत तिच्या कोणत्या, ते कसं वळखू?"